हात न लावता गळा आवळणारा माणूस आणि त्याचा धर्म

एक बैठक चालू आहे. मोठं टेबल, भोवती कडक गणवेशातले अधिकारी. विषय आहे एक नवं शस्त्र: लहानशा चंद्राएवढा अवकाशतळ, जो एका फटक्यात अख्खा ग्रह उडवू शकतो. एक अधिकारी छाती फुगवून सांगतो की आता विश्वात आपल्यापेक्षा बलाढ्य कुणी नाही. काळ्या मुखवट्यातला एक उंच माणूस म्हणतो की ग्रह उडवण्याची ताकद 'फोर्स'पुढे काहीच नाही. अधिकारी त्याची टर उडवतो. तुमच्या त्या जुनाट धर्मानं चोरीला गेलेले नकाशे काही सापडले नाहीत म्हणे! मुखवटेवाला जागचा न हलता अंगठा आणि बोट हवेतच जवळ आणतो. टेबलापाशी बसलेल्या अधिकाऱ्याचा हात आपसूक कॉलरकडे जातो. त्याला श्वास घेता येत नाही.

१९७७ साली आलेल्या जॉर्ज लुकासच्या 'स्टार वॉर्स'मधला हा प्रसंग. मुखवट्यातला माणूस म्हणजे डार्थ वेडर. गळा आवळता आवळता तो शांतपणे म्हणतो की तुझ्यात श्रद्धा नाही, याचा मला त्रास होतो. लहानपणी हे पाहताना अंगावर काटा आला होता. पुढे कधीतरी लक्षात आलं की वेडर बोलतोय श्रद्धेबद्दल आणि दाखवतोय दहशत. अवकाशातल्या अद्भुतकथांमध्ये जे काही 'धार्मिक' असतं, ते बहुतेक या दोहोंमधल्या फटीत असतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. अवकाशयान दिसलं की आपण सिनेमाला विज्ञानपट म्हणून मोकळे होतो. पण विज्ञानकथेत 'हे कसं घडलं' याचं उत्तर द्यावं लागतं, निदान दिल्यासारखं करावं लागतं. स्पेस फँटसी त्या भानगडीत पडत नाही. 'स्टार वॉर्स'ची सुरुवातच 'फार फार पूर्वी, दूरच्या एका आकाशगंगेत' अशी होते. हे आपलं 'आटपाट नगर होतं'च झालं. राजकन्या आहे, तलवारी आहेत, रानात एकटा राहणारा म्हातारा गुरू आहे. घोड्यांच्या जागी यानं आहेत, एवढंच. परीकथेत जादू असते, तशी इथेही असायला हवी. ती जागा फोर्स भरून काढतो.

फोर्स म्हणजे काय, हे ओबी-वान नावाचा म्हातारा ल्यूक या पोराला दोन-तीन वाक्यांत सांगतो. सगळ्या सजीवांतून निर्माण होणारं एक ऊर्जेचं क्षेत्र. ते आपल्याभोवती आहे, आपल्यात आहे आणि आकाशगंगेला बांधून ठेवतं. बस्स. नाव नाही, रूप नाही, मूर्ती नाही, धर्मग्रंथ नाही. आज्ञा देणारा, रागावणारा, प्रसन्न होणारा असा कुणी देव या गोष्टीत नाहीच.

देवाशिवाय पवित्र शक्ती, ही कल्पना लुकासनं शून्यातून काढलेली नाही. १८९१ मध्ये रॉबर्ट कॉड्रिंग्टन या मिशनऱ्यानं पॅसिफिक महासागरातल्या मेलानेशियन बेटांवरच्या लोकांबद्दल पुस्तक लिहिलं आणि 'माना' हा शब्द युरोपातल्या अभ्यासकांपर्यंत पोचवला. त्यानं केलेलं वर्णन असं, की माना ही सगळीकडे वावरणारी शक्ती. ती एखाद्या दगडात असू शकते, माणसात असू शकते, मंत्रात असू शकते. ज्याच्याकडे ती, त्याचं काम फत्ते. धर्माची सुरुवात देवांपासून झाली की अशा बिनचेहऱ्याच्या शक्तीपासून, यावर त्यानंतर कितीतरी वर्षं वाद घातले गेले. चीनमधली 'ची' आणि 'ताओ', आपल्याकडचा 'प्राण' या कल्पना एकसारख्या नाहीत, पण फोर्सचा चेहरा या सगळ्यांशी थोडाथोडा जुळतो.

लुकासपुरता एक धागा मात्र अगदी नेमका सापडतो. चित्रपटाचं शिक्षण घेत असताना कॅनडाच्या आर्थर लिप्सेटचा '२१-८७' हा छोटा प्रायोगिक माहितीपट त्यानं पाहिला आणि तो त्याच्या डोक्यात बसला. त्यात निसर्गाकडे पाहताना माणसांना यामागे कुठलीतरी शक्ती असल्याची जाणीव होते, अशा अर्थाचं बोलणं ऐकू येतं. 'स्टार वॉर्स'मध्ये राजकन्या लेयाला ज्या कोठडीत डांबलेलं असतं, तिचा क्रमांक २१८७ आहे. ऋण फेडायची ही तऱ्हा मला आवडते.

'फोर्स तुझ्यासोबत असो' या वाक्याची चालही ओळखीची आहे. चर्चमधल्या प्रार्थनेत पाद्री जमलेल्या लोकांना 'प्रभू तुमच्यासोबत असो' म्हणतो, तीच ही चाल. प्रभूच्या जागी फोर्स आला. ऐकणाऱ्याला आशीर्वाद मिळाल्यासारखं वाटतं, आणि कुणाच्याच देवाला धक्का लागत नाही.

आता वेडरकडे परत येऊ. मला इथे जेम्स फ्रेझर हा मानववंशशास्त्रज्ञ आठवतो. १८९० मध्ये त्याचा 'द गोल्डन बाऊ' हा ग्रंथ आला. त्यातलं बरंच काही पुढच्या अभ्यासकांनी खोडून काढलं, पण जादू आणि धर्म यांत त्यानं केलेला फरक अजून उपयोगी पडतो. सोप्या भाषेत सांगायचं तर जादूगार हुकूम सोडतो आणि भक्त विनवणी करतो. जादूगाराच्या मते शक्तीचे नियम ठरलेले असतात. विधी बरोबर केला की परिणाम मिळायलाच हवा. धर्मात समोरची शक्ती आपल्यापेक्षा मोठी असते, तिला जुळवून घ्यावं लागतं, आणि ती नाहीसुद्धा म्हणू शकते. पहिल्या वृत्तीत शक्ती वापरायची असते, दुसऱ्या वृत्तीत तिच्या स्वाधीन व्हायचं असतं.

ही पट्टी लावून सिनेमा पाहा. वेडर वापरणारा आहे. त्याला कुणाचा गळा आवळायचा असतो, कुणाकडून काही वदवून घ्यायचं असतं, आणि फोर्स त्याचं हत्यार होतो. आता त्याच सिनेमाचा शेवट. त्या चंद्राएवढ्या तळाचा एकच कच्चा दुवा आहे: जेमतेम दोन मीटर रुंदीचं एक भोक. तिथे नेमका मारा करायचा. आधीच्या वैमानिकानं नेम धरणारा संगणक वापरला आणि तो चुकला. ल्यूकची पाळी येते तेव्हा मेलेल्या गुरूचा आवाज त्याच्या कानात येतो: सोडून दे, विश्वास ठेव. ल्यूक संगणक बंद करतो. त्याच्या बाजूच्या ठाण्यावरून बावचळून विचारतात, काय झालं, यंत्र का बंद केलंस? तो म्हणतो, काही नाही, ठीक आहे. नेम लागतो. दोघांकडे शक्ती तीच आहे. एकानं मूठ आवळली, दुसऱ्यानं हात मोकळा सोडला.

हीच गोष्ट सगळ्यात सुंदर सांगितली आहे १९८०च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये. दिग्दर्शक अर्विन कर्शनर. त्याला झेन बौद्ध विचारात रस होता, आणि तो ल्यूकचा नवा गुरू योडा याच्या प्रसंगांत दिसतो. ल्यूकचं यान दलदलीत बुडालंय. दगड तर त्यानं मघाशी मनाच्या जोरावर उचलले आहेत, पण यान? ते फार मोठं. गुडघ्याएवढा, लांब कानांचा, हिरवा म्हातारा योडा म्हणतो की फरक फक्त तुझ्या डोक्यात आहे. ल्यूक जोर लावतो. यान थोडं वर येतं आणि पुन्हा बुडतं. तो चिडून बाजूला जाऊन बसतो. मग योडा डोळे मिटतो, तीन बोटांचा हात पुढे करतो. पाण्यावर बुडबुडे येतात, यानाचं टोक दिसतं, शेवाळ आणि पाण्याच्या धारा गाळत अख्खं धूड हवेत तरंगत काठावर येऊन टेकतं. ल्यूक म्हणतो, विश्वास बसत नाही. योडा म्हणतो, म्हणूनच तुला जमलं नाही.

हा प्रसंग लोक 'मनात आणलं तर काहीही शक्य आहे' या धड्यासारखा वापरतात. माझ्या मते ते साफ चुकीचं वाचन आहे. मनात आणण्यात ल्यूक कुठे कमी पडला होता? योडा यान उचलायच्या आधी जे सांगतो ते ऐकायला हवं: आपण म्हणजे हे ढोबळ मांस नाही, तू, मी, ते झाड, हा दगड, ते यान, या सगळ्यांमध्ये फोर्स आहे. ल्यूकच्या लेखी इकडे तो, तिकडे जड यान, आणि मध्ये ओझं. योडाच्या लेखी मध्ये काही नाहीच. आपल्याला इथे अद्वैत आठवणार हे ओघानंच आलं. पण 'योडा म्हणजे आपला योद्धा' असल्या नावांच्या साम्यावर मजले चढवू नयेत. कल्पना जुळते म्हणजे ती आपल्याकडून उचलली, असं होत नाही. लोक वेगवेगळ्या वाटांनी एकाच पाणवठ्यावर येतात.

आपल्या परंपरेतलं जे खरंच इथे उपयोगी पडतं, ते म्हणजे सिद्धींबद्दलची सावधगिरी. पतंजलीच्या योगसूत्रांतला तिसरा पाद विभूतिपाद. त्यात साधनेतून मिळणाऱ्या शक्तींची रांगच आहे: दुसऱ्याच्या मनातलं कळणं, पाण्या-चिखलातून न बुडता जाणं, आकाशातून संचार. आणि तिथेच पतंजली बजावतो, 'ते समाधावुपसर्गा व्युत्थाने सिद्धयः'. म्हणजे जगाच्या नजरेतून ज्या सिद्धी, त्या समाधीच्या वाटेवरचे अडथळे. चांगदेवाची गोष्ट तर आपण शाळेपासून ऐकतो. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन निघालेला चौदाशे वर्षांचा योगी, आणि त्याचं कोरं पत्र पाहून मुक्ताबाई म्हणते की इतकी वर्षं तप करून हा कोराच राहिला. वेडर हा असाच कोरा राहिलेला सिद्धपुरुष आहे. फक्त त्याला मुक्ताबाई उशिरा भेटली, आणि तीही मुलाच्या, म्हणजे ल्यूकच्या रूपात. १९८३च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये ल्यूक वेडरच्या मालकासमोर, सम्राटासमोर, शस्त्र फेकून देतो आणि लढायला नकार देतो. बाप बदलतो तो हे पाहून.

माणूस वापरणारा कसा बनतो, याचंही एक सूत्र योडा १९९९च्या 'द फँटम मेनेस'मध्ये सांगतो: भीतीतून राग, रागातून द्वेष, द्वेषातून दुःख. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली साखळी याच बांधणीची आहे. विषयांच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, आणि शेवटी बुद्धिनाश. एक फरक मात्र डोळ्यांत भरतो. गीतेची साखळी ओढीपासून सुरू होते, योडाची भीतीपासून. पण पुढच्या दोन सिनेमांत ॲनाकिनचा वेडर होतो तो कशामुळे? आई गमावली, आता बायको गमावेन, या भीतीमुळे. म्हणजे भीतीच्याही मुळाशी ओढच निघाली. जेडाय म्हणजे फोर्सची साधना करणारे योद्धे. त्यांच्या पंथात लग्नाला आणि जवळच्या नात्यांना मनाई असते ती याच हिशेबानं. त्या मनाईनं पोरगं लपूनछपून प्रेम करत राहिलं आणि मदत मागायला कुणाकडे जाऊ शकलं नाही, हेही सिनेमा दाखवतो. संन्यासाचा नियम सगळ्यांना सरसकट लावला की काय होतं, याचं हे बऱ्यापैकी धीट चित्र आहे.

त्याच १९९९च्या सिनेमात लुकासनं एक उद्योग करून ठेवला, ज्याचा राग चाहत्यांच्या मनातून अजून गेलेला नाही. फोर्स कुणात किती, हे रक्ताच्या तपासणीतून कळतं! पेशींमध्ये मिडिक्लोरियन नावाचे सूक्ष्मजीव असतात, त्यांच्यामार्फत फोर्सची इच्छा कळते, आणि छोट्या ॲनाकिनमध्ये त्यांचा आकडा वीस हजारांच्या वर, खुद्द योडापेक्षा जास्त. नाव पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाची आठवण करून देणारं. शिवाय या मुलाला बाप नाही, आई म्हणते की तो असाच पोटात आला. म्हणजे एका हातानं कुमारी मातेच्या पोटी जन्मणारा तारणहार ही ख्रिस्ती कल्पना, आणि दुसऱ्या हातात लॅबचा रिपोर्ट. लोक चिडले ते विज्ञान आणलं म्हणून नव्हे. जी गोष्ट साधनेनं, शरण जाऊन मिळते असं वीस वर्षं वाटत होतं, ती जन्मतःच ठरलेली निघाली, हे त्यांना झोंबलं. साधनेची जागा वंशानं घेतली.

या वापरण्या-शरण जाण्याच्या खेळात सगळ्यात थंड डोक्याची चाल मात्र 'ड्यून'ची आहे. फ्रँक हर्बर्टची कादंबरी १९६५ची, डेनी व्हिलनव्हचे दोन सिनेमे २०२१ आणि २०२४चे. इथेही अद्भुत शक्ती आहेत. 'बेने जेसरीट' या पंथातल्या बायका विशिष्ट आवाजात बोलून समोरच्याकडून हवं ते करून घेतात. पण त्यांची खरी जादू वेगळीच. त्या ग्रहाग्रहांवर दंतकथा पेरून ठेवतात: एक दिवस बाहेरून एक आई येईल, तिचा मुलगा तुमचा तारणहार असेल. पुढे कधी पंथातली एखादी बाई संकटात तिथे पोचली, तर पीक तयारच. इथे लोकांची श्रद्धा हीच वापरायची वस्तू झाली आहे. वेडर एका माणसाचा गळा धरतो, या बायका अख्ख्या समाजाचा, आणि समाजाला ते आलिंगन वाटतं.

दुसऱ्या भागातला एक प्रसंग पाहून थिएटरमध्ये हसू फुटतं आणि पाठोपाठ पोटात गोळा येतो. आईबरोबर असाच बाहेरून आलेला पॉल सांगतोय की मी तो तारणहार नाही. स्टिलगार हा कट्टर भक्त डोळे विस्फारून म्हणतो की तारणहार इतका विनम्र असतो की स्वतःहून कबूल करतच नाही, म्हणजे हाच तो! हो म्हटलं तरी पुरावा, नाही म्हटलं तरी पुरावा. शेवटी पॉल ती भूमिका स्वीकारतो, सगळे गुडघे टेकतात, त्याची प्रेयसी चानी तेवढी टेकत नाही, ती एकटी निघून जाते. लोकांना मोहिनी घालणाऱ्या पुढाऱ्यांपासून सावध करण्यासाठी आपण लिहिलं, असं हर्बर्ट सांगत असे. तरी बरेच वाचक पॉलच्याच मिरवणुकीत सामील झाले. कथेची ताकद म्हणायची की वाचकांची खोड, कोण जाणे.

जेम्स कॅमेरॉनच्या २००९च्या 'अवतार'बद्दल थोडक्यात. नाव संस्कृत, पण गाभा निसर्गपूजेचा. पँडोरा या चंद्रावरची आयवा ही देवी म्हणजे झाडांच्या मुळांचं जिवंत जाळं, आणि तिथले नावी लोक आपली वेणी तिला अक्षरशः जोडू शकतात. मला यात रस आहे तो एकाच क्षणासाठी. लढाईच्या आदल्या रात्री नायक झाडापाशी जाऊन मदत मागतो. नेयतिरी ही नावी तरुणी त्याला सांगते की आयवा कुणाची बाजू घेत नाही, ती फक्त जीवनाचा तोल सांभाळते. हे ऐकूनही त्यानं मागून ठेवलेलं असतं. देणं-न देणं तिच्या हातात. फ्रेझरच्या पट्टीवर हा प्रसंग पक्का धर्माच्या बाजूला पडतो. व्हॅटिकनच्या वृत्तपत्रानं या सिनेमातल्या निसर्गपूजेवर नाराजी दाखवली होती. पूजा खरीच वाटली, त्याशिवाय का नाराज झाले?

पडद्यावरचा हा धर्म बाहेरही आला. २००१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये ३ लाख ९० हजारांहून जास्त लोकांनी धर्माच्या रकान्यात 'जेडाय' लिहिलं. पुरेशा लोकांनी लिहिलं तर सरकारला मान्यता द्यावी लागेल, अशी अफवा ईमेलवरून फिरत होती. बहुतेकांची ती मस्करीच. सरकारनं त्यांना 'धर्म नाही' या गटात टाकलं. पण काही जण खरोखर ध्यान वगैरे करणारे निघाले, आणि २०१६ मध्ये इंग्लंड-वेल्सच्या धर्मादाय आयोगानं 'टेंपल ऑफ द जेडाय ऑर्डर' या संस्थेचा अर्ज धर्म म्हणून पुरेसा ठाशीव नाही म्हणत फेटाळला. आचारसंहिता आहे, गुरू आहेत, शक्तीवर विश्वास आहे, तरी धर्म नाही. मग धर्माला नेमकं काय लागतं, हा प्रश्न त्या बाबूंच्या टेबलावर किती वेळ पडला असेल!

२०१७च्या 'द लास्ट जेडाय'मध्ये म्हातारा झालेला ल्यूक रे या मुलीला विचारतो, फोर्स म्हणजे काय? ती म्हणते, जेडायांकडे असलेली ताकद, जिच्या जोरावर ते लोकांना काबूत आणतात आणि वस्तू तरंगवतात. ल्यूक म्हणतो, वा, या वाक्यातला शब्द न् शब्द चूक आहे. मग तो तिला डोळे मिटून हात पुढे करायला सांगतो आणि गवताच्या पात्यानं तिच्या हाताला गुदगुल्या करतो. 'मला जाणवतंय काहीतरी!' असं ती हरखून म्हणते, तेव्हा तो तेच पातं तिच्या हातावर सपकन मारतो. दैवी अनुभवाच्या घाईवर इतकी छान चपराक मी दुसऱ्या सिनेमात पाहिलेली नाही.

पण या सगळ्यांत माझा लाडका भक्त २०१६च्या 'रोग वन'मधला आहे. चिरुट. आंधळा, हातात काठी. तो जेडाय नाही, वस्तू उचलू शकत नाही, त्याच्या मंदिराची धूळधाण झालेली आहे. त्याचा मित्र बेझ एकेकाळचा भाविक, आता फक्त बंदुकीवर विश्वास ठेवणारा. फोर्सनं मला वाचवलं, असं चिरुट म्हणतो. मी वाचवलं, बेझ म्हणतो. शेवटच्या लढाईत एक कळ दाबायची आहे, ती उघड्यावर आहे, आणि चहूबाजूंनी गोळीबार चालू आहे. चिरुट उठतो आणि 'मी फोर्सशी एकरूप आहे, फोर्स माझ्यासोबत आहे' असं पुटपुटत, काठी टेकत, सरळ चालत जातो. एकही गोळी त्याला लागत नाही. शक्ती, की नशीब, की नेम धरणाऱ्यांचा गलथानपणा, सिनेमा सांगत नाही. तो कळ दाबतो. परत फिरतो तोच स्फोट होतो. बेझ धावत येऊन त्याला मांडीवर घेतो, आणि चिरुट त्याच्या हातांत जीव सोडतो. बेझ काही क्षण तसाच बसतो. मग बंदूक उचलतो आणि शत्रूच्या दिशेनं चालायला लागतो, तोंडानं तोच जप करत.